'अ', 'ॲन', 'द' की काहीच नाही? ऑफिसच्या इंग्रजीत आर्टिकल लावायचं कसं

"आम्ही मॅनेजर शोधतोय" आणि "आम्ही मॅनेजरला शोधतोय" या दोन वाक्यांत मराठी माणसाची कधीच गल्लत होत नाही. पहिल्यात जागा रिकामी आहे, माणूस भरायचा आहे. दुसऱ्यात मॅनेजर आहेत, फक्त आत्ता जागेवर सापडत नाहीयेत. फरक एका 'ला'चा. हीच वाक्यं इंग्रजीत लिहिली तर पहिलं होतं 'वी आर लुकिंग फॉर अ मॅनेजर' आणि दुसरं 'वी आर लुकिंग फॉर द मॅनेजर'. आपल्याकडे 'ला' जे सांगतो, ते तिथे 'अ' आणि 'द' सांगतात.

आणखी एक जोडी बघा. "टेबलावर फाईल आहे" आणि "फाईल टेबलावर आहे". पहिलं वाक्य ऐकणाऱ्याला फाईल असल्याची बातमी देतं. दुसरं वाक्य त्याला, जी फाईल तो शोधत होता तिचा ठावठिकाणा सांगतं. शब्द तेच, नुसता क्रम बदलला. इंग्रजीत क्रमासोबत आर्टिकलही बदलतं: 'देअर इज अ फाईल ऑन द टेबल' आणि 'द फाईल इज ऑन द टेबल'.

मराठीत आर्टिकल नाहीत म्हणून ती आपल्याला जमायचीच नाहीत, असं आपण फार लवकर मान्य करून टाकतो. संस्कृतात ती नाहीत, लॅटिनमध्ये नाहीत, रशियन, चिनी आणि जपानी भाषांतही नाहीत. पण ओळखीची वस्तू आणि अनोळखी वस्तू हा भेद या सगळ्या भाषा आपापल्या परीनं करतातच. म्हणजे जाण आपल्यापाशी आहे. ती इंग्रजी वाक्यात नेमकी कुठे मांडायची, एवढंच शिकायचं आहे. शाळेत 'उपपदं' शिकताना आपण सूर्य, चंद्र, नद्या आणि पर्वत पाठ केले. ऑफिसच्या मेलमध्ये मात्र येतात इनव्हॉइस, कोटेशन, डेडलाइन, फीडबॅक आणि करारनामे. त्यामुळे इथे सगळी उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

पायरी पहिली: नामांच्या साखळीतलं शेवटचं नाम पकडा

आर्टिकल नामासाठी असतं, पण व्यावसायिक इंग्रजीत नाम एकटं क्वचित येतं. 'कस्टमर सर्व्हिस टीम', 'पर्चेस ऑर्डर नंबर' अशा साखळ्याच जास्त. या साखळीचा मालक शेवटचा शब्द. आर्टिकल कोणतं हे त्यालाच विचारायचं, त्याच्या आधीच्या शब्दांना नाही. 'इन्फर्मेशन' मोजता येत नाही, म्हणून 'ॲन इन्फर्मेशन' चूक. पण 'ॲन इन्फर्मेशन शीट' अगदी बरोबर, कारण शीट मोजता येते. इथे आर्टिकलची गरज 'शीट'मुळे निर्माण झाली. 'अ' न येता 'ॲन' आलं ते मात्र शेजारच्या 'इन्फर्मेशन'च्या उच्चारामुळे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की निम्मा गोंधळ मिटतो.

मग बघायचं, की नामाआधीची जागा कुणी अडवली आहे का. 'माय', 'अवर', 'युवर', 'धिस', 'दॅट', 'ईच', 'एव्हरी' यांपैकी एखादा शब्द तिथे असेल तर आर्टिकलला जागाच उरत नाही. 'द अवर प्रपोजल' होत नाही. 'द क्लायंट्स रिक्वायरमेंट' मात्र चालतं, कारण तिथला 'द' रिक्वायरमेंटचा नसून क्लायंटचा आहे: आपल्या त्या क्लायंटची गरज. क्लायंटच्या जागी कंपनीचं किंवा माणसाचं नाव आलं की तो 'द' सहसा गळून पडतो.

पायरी दुसरी: वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसा

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबू. 'द' लावताना एकच प्रश्न विचारायचा: मी कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय हे वाचणाऱ्याला कळेल का? प्रश्न वाचणाऱ्याचा आहे, लिहिणाऱ्याचा नाही. लिहिणाऱ्याला तर ठाऊक असतंच, आणि चूक नेमकी तिथेच होते. तुम्ही चार दिवस खपून एक रिपोर्ट तयार केलात. तुमच्या डोक्यात तो 'तो रिपोर्ट' झाला आहे. तुम्ही लिहिता 'आय हॅव प्रिपेअर्ड द रिपोर्ट'. समोरच्यानं तो मागितला असेल तर वाक्य चोख आहे. त्यानं त्याबद्दल काहीच ऐकलं नसेल तर तो बुचकळ्यात पडेल की कोणता रिपोर्ट, मी कधी मागितला? तिथे 'अ रिपोर्ट' हवं.

'द' हा 'दॅट'च्याच कुळातला शब्द. संस्कृतातलं 'तत्' याच मुळातून आलं आणि आपले 'तो-ती-ते' त्याच घराण्यातले. म्हणून मराठी माणसाला एक सोपी कसोटी हाताशी आहे. वाक्य मनात मराठीत म्हणा आणि नामाआधी 'तो, ती, ते' किंवा 'आपलं ठरलेलं ते' घालून बघा. बसलं तर 'द'. 'एक' किंवा 'एखादं' बसलं तर 'अ'. दोन्ही अवघडल्यासारखी वाटली तर बहुधा जागा रिकामी ठेवायची. ही कसोटी प्रत्येक वेळी पुरत नाही, पण रोजच्या मेलमध्ये मी तिच्यावर भरवसा ठेवतो.

वाचणाऱ्याला 'कोणतं ते' कळण्याच्या वाटा तशा थोड्याच. वस्तूचा उल्लेख आधी झालेला असतो: पहिल्या वाक्यात 'अ क्वोटेशन', दुसऱ्यात 'द क्वोटेशन'. किंवा त्या परिस्थितीत ती एकच असते: 'द सीईओ', 'द डेडलाइन', 'द बजेट'. किंवा वाक्यच तिची ओळख पटवून देतं: 'द इनव्हॉइस यू सेंट ऑन मंडे'. सर्वांत चांगला, पहिला, तोच, एकमेव अशा अर्थाचे शब्द आले तरी वस्तू आपोआप एकच ठरते: 'द लोएस्ट प्राइस', 'द फर्स्ट इन्स्टॉलमेंट', 'द सेम टर्म्स', 'द ओन्ली सप्लायर'.

आणखी एक वाट आहे, ती फारशी शिकवली जात नाही. एका वस्तूमुळे दुसरी ओळखीची होते. 'वी रिसीव्ह्ड अ शिपमेंट यस्टरडे. द पॅकेजिंग वॉज डॅमेज्ड.' पॅकेजिंगचा उल्लेख पहिल्यांदाच आला, तरी 'द' आला, कारण शिपमेंट म्हटलं की तिला पॅकेजिंग असणारच.

'ऑफ' दिसला की आधी 'द' ठोकून द्यायचा, ही सवय सोडायला हवी. 'प्लीज सेंड मी द कॉपी ऑफ द कॉन्ट्रॅक्ट' म्हणजे जगात त्याची जणू एकच प्रत आहे, किंवा आपण आधीच एका ठरावीक प्रतीबद्दल बोललो आहोत. तुम्हाला कुठलीही एक प्रत हवी आहे ना? मग 'अ कॉपी ऑफ द कॉन्ट्रॅक्ट'. करार एकच आहे, प्रती कितीही निघतात.

व्यवहारात या छोट्या शब्दाची किंमत मोठी असते. 'वी आर हॅपी टू ऑफर द डिस्काउंट' असं लिहिलंत, तर वाचणारा समजेल की सवलतीचं आधी कुठेतरी ठरलं होतं, आणि जुने मेल उघडून शोधत बसेल. 'अ डिस्काउंट' म्हटलं की ती तुमच्याकडून आलेली नवी गोष्ट ठरते. 'आय ॲम द डायरेक्टर ऑफ धिस कंपनी' म्हणजे डायरेक्टर एकच, तो मी. डायरेक्टर पाच असतील तर 'अ डायरेक्टर' हेच खरं. 'वी आर द सप्लायर ऑफ धिस पार्ट' हा तर एकाधिकाराचा दावा झाला. असं वाक्य ब्रोशरमध्ये छापण्याआधी ते खरं आहे ना हे बघितलंच पाहिजे.

पायरी तिसरी: मोजता येतं का?

वस्तू वाचणाऱ्याच्या ओळखीची नाही असं ठरलं, की पुढचा प्रश्न मोजण्याचा. इथला एक नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण आपल्या मेलमधल्या बऱ्याच चुका तो एकटा दुरुस्त करतो: मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजी वाक्यात उघडं राहत नाही. त्याच्याआधी काहीतरी हवंच. 'अ' असो, 'द' असो, 'अवर' असो, पण काहीतरी हवं.

आपण बोलतो "कोटेशन पाठवा", "एक मिनिट, प्रश्न आहे", "क्लायंटबरोबर मीटिंग झाली". या वाक्यांत नाम उघडंच असतं आणि मराठीत ते शोभतं. तीच वाक्यं इंग्रजीत उतरवली की 'प्लीज सेंड क्वोटेशन', 'आय हॅव क्वेश्चन', 'वी हॅड मीटिंग विथ क्लायंट' अशी होतात आणि कानाला खटकतात. तिथे 'अ क्वोटेशन', 'अ क्वेश्चन', 'अ मीटिंग विथ द क्लायंट' हवं. एवढी एकच सवय लावून घेतलीत तरी लिखाणात फरक दिसू लागेल.

न मोजता येणाऱ्या नामांना 'अ' सहसा लागत नाही, आणि 'एस' लावून त्यांचं अनेकवचनही होत नाही. अडचण अशी की इंग्रजी ज्यांना मोजत नाही, त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपण बिनदिक्कत मोजतो. "दोन सॉफ्टवेअर घेतली", "तीन ट्रेनिंग झाली", "एक ॲडव्हाइस देऊ का?" इंग्रजीत इन्फर्मेशन, ॲडव्हाइस, फीडबॅक, सॉफ्टवेअर, इक्विपमेंट, फर्निचर, मशिनरी, स्टेशनरी, प्रोग्रेस, रिसर्च, एव्हिडन्स आणि करस्पॉन्डन्स हे सगळे न मोजता येणारे. मोजायचंच असेल तर मोजमापाचा शब्द सोबत आणावा लागतो: 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'अ ट्रेनिंग सेशन', 'अ सॉफ्टवेअर टूल', 'अ पीस ऑफ इक्विपमेंट'. 'वर्क'चंही तसंच. एक काम सांगायचं तर 'अ टास्क' किंवा 'अ जॉब', 'अ वर्क' नाही.

काही नामं 'अ' लागताच अर्थ बदलतात. 'शी हॅज एक्सपीरियन्स इन एक्स्पोर्ट' म्हणजे तिला त्या क्षेत्राचा अनुभव आहे. 'इट वॉज अ गुड एक्सपीरियन्स' म्हणजे एक प्रसंग, एक आठवण. 'बिझनेस' म्हणजे व्यापार, 'अ बिझनेस' म्हणजे एखादा धंदा किंवा कंपनी. 'पेपर' म्हणजे कागद, 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. बायोडाटात 'आय हॅव ॲन एक्सपीरियन्स ऑफ टेन इयर्स' लिहिणारे पुष्कळ आहेत. तिथे 'आय हॅव टेन इयर्स ऑफ एक्सपीरियन्स' असं सरळ लिहावं.

अनेकवचनाचं काय? सर्वसाधारण विधान करायचं असेल तर जागा रिकामी. 'कस्टमर्स वॉन्ट फास्ट डिलिव्हरी' म्हणजे ग्राहक ही जमातच अशी. 'द कस्टमर्स वॉन्ट फास्ट डिलिव्हरी' म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलत होतो ते ठरावीक ग्राहक. 'क्वालिटी', 'ग्रोथ', 'ट्रस्ट' अशी भाववाचक नामंही मोघम अर्थानं येतात तेव्हा उघडीच शोभतात: 'क्वालिटी मॅटर्स'. तीच कशाची तरी बनली की 'द' येतो: 'द क्वालिटी ऑफ धिस बॅच'. याच धाग्यातलं, 'मोस्ट ऑफ क्लायंट्स' हे अर्धवट आहे. एक तर 'मोस्ट क्लायंट्स', म्हणजे बहुतेक सगळे क्लायंट, नाहीतर 'मोस्ट ऑफ द क्लायंट्स', म्हणजे त्या ठरावीक क्लायंटांपैकी बहुतेक.

पायरी चौथी: 'अ' की 'ॲन', हे देवनागरीला विचारा

'ए, ई, आय, ओ, यू' या अक्षरांपुढे 'ॲन' असं आपण घोकलं, आणि म्हणूनच 'ॲन युनिट' आणि 'अ एमबीए' अशा चुका झाल्या. खरा नियम उच्चाराचा आहे, आणि उच्चार लिहायला आपल्याकडे उत्तम लिपी आहे. इंग्रजी शब्द मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर आलं तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. 'युनिट', 'युनियन', 'युजर', 'युरोपियन क्लायंट' यांची सुरुवात 'य'नं, म्हणून 'अ'. 'वन-टाइम पेमेंट' 'व'नं, म्हणून 'अ'. तास या अर्थाच्या 'आवर'मधला 'एच' मुका, म्हणून 'ॲन आवर'. 'ऑनेस्ट', 'ऑनर', 'एअर' म्हणजे वारस, हे त्याच जातीचे.

आद्याक्षरांना हीच युक्ती लावा. 'ॲन एमबीए', 'ॲन एनडीए', 'ॲन एसओपी', 'ॲन एचआर पॉलिसी', 'ॲन आरएफपी', 'ॲन एमओयू'. उलट 'अ सीव्ही', 'अ केपीआय', 'अ यूआरएल', 'अ पीओ'. यूआरएलमधला 'यू' दिसायला स्वराजवळचा, पण तोंडात 'य्' येतोच. आकड्यांचंही तेच: 'ॲन एट पर्सेंट इन्क्रीज', 'ॲन इलेव्हन-डे डिले', 'ॲन एटीन-मंथ कॉन्ट्रॅक्ट', पण 'अ वन-इयर वॉरंटी'.

या युक्तीला दोन ठिकाणी जपायचं. वर्ष या अर्थाचा शब्द आपण 'इयर' असा लिहितो, पण इंग्रजीत तो 'य्'नं सुरू होतो. म्हणून 'अ इयर'. 'ॲन इयर' म्हणजे कान! आणि 'एम', 'एल', 'एन' यांचा उच्चार काही जण 'यम', 'यल', 'यन' असा करतात. इंग्रजी उच्चार 'ए'कारानं सुरू होतो, तोच धरावा.

जाता जाता, 'ॲन' ही 'अ'ला 'न' जोडून केलेली सोय नाही. उलट आहे. जुन्या इंग्रजीत 'एक' या अर्थाचा नकारान्त शब्द होता, व्यंजनापुढे त्याचा 'न' झिजला आणि 'अ' उरला. 'एप्रन' हा शब्द मुळात 'नेप्रन' होता. 'अ नेप्रन' ऐकता ऐकता लोक 'ॲन एप्रन' समजू लागले आणि तेच रूढ झालं.

पायरी पाचवी: जिथे आर्टिकलनं तारीख किंवा अर्थ बदलतो

'नेक्स्ट वीक' म्हणजे येणारा कॅलेंडरचा आठवडा. 'द नेक्स्ट वीक' म्हणजे आत्तापासूनचे सात दिवस. गुरुवारी लिहिलेल्या मेलमध्ये 'वी विल फिनिश धिस नेक्स्ट वीक' म्हटलं तर काम सोमवारपासूनच्या आठवड्यात होईल. 'ओव्हर द नेक्स्ट वीक' म्हटलं तर पुढच्या गुरुवारपर्यंत. 'लास्ट मंथ' म्हणजे सरलेला महिना, 'द लास्ट मंथ' म्हणजे आजपर्यंतचे साधारण तीस दिवस. विक्रीचे आकडे देताना ही गल्लत झाली तर आकडे जुळत नाहीत, आणि दोष मात्र हिशेबाला लागतो. शंका असेल तिथे सरळ तारीख लिहावी.

'इन केस ऑफ डिले' म्हणजे उशीर झाला तर. 'इन द केस ऑफ धिस ऑर्डर' म्हणजे या ऑर्डरच्या बाबतीत. ब्रिटिश वळणात 'इन फ्युचर' म्हणजे यापुढे, आणि 'इन द फ्युचर' म्हणजे पुढे कधीतरी. 'प्लीज इन्फॉर्म अस इन फ्युचर' ही विनंती आहे, ती 'द' घालून लांबवू नका. 'इन ऑफिस' म्हणजे सत्तेवर किंवा पदावर. कचेरीत असाल तर 'इन द ऑफिस' किंवा 'ॲट वर्क'.

'वी हॅव फ्यू कम्प्लेंट्स' म्हणजे तक्रारी जवळजवळ नाहीत, तर 'अ फ्यू कम्प्लेंट्स' म्हणजे काही आहेत. 'लिटल टाइम' आणि 'अ लिटल टाइम' यांचंही तसंच. 'अ नंबर ऑफ ऑर्डर्स'पुढे क्रियापद अनेकवचनी येतं, 'द नंबर ऑफ ऑर्डर्स'पुढे एकवचनी.

'बाय ईमेल', 'ऑन लीव्ह', 'इन स्टॉक', 'ऑन टाइम', 'इन ॲडव्हान्स', 'ऑन बिहाफ ऑफ' यांत आर्टिकल नाही. 'ॲज अ रिझल्ट', 'ऑन अ वीकली बेसिस', 'इन द मीनटाइम', 'ॲट द लेटेस्ट' यांत आहे. यांची कारणं शोधत बसू नये, कानाला सवय करून घ्यावी.

नावं, पदं, संस्था

व्यवसाय सांगताना 'अ' हवा: 'शी इज ॲन अकाउंटंट'. नेमणुकीत, एकट्याचं पद असेल तर बहुधा काहीच नाही: 'शी वॉज अपॉइंटेड मॅनेजिंग डायरेक्टर'. कंपनीच्या नावापुढे सहसा 'द' नाही. आंतरराष्ट्रीय संस्थांची अक्षरं सुटी उच्चारली जात असतील तर 'द' लागतो: 'द यूएन', 'द ईयू', 'द आयएमएफ'. अक्षरं जोडून एक शब्द होत असेल तर नाही: 'नाटो', 'युनेस्को', 'ओपेक'. देशांपैकी 'द यूके', 'द यूएस', 'द यूएई', 'द नेदरलँड्स' आणि 'द फिलिपिन्स' लक्षात ठेवा.

करारात एक 'द'

करारात आर्टिकल किती जड होऊ शकतं याचा दाखला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या २४२ क्रमांकाच्या ठरावात आहे. तो २२ नोव्हेंबर १९६७ रोजी मंजूर झाला. त्यात इस्रायली सैन्यानं ताब्यातल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असं कलम आहे, पण इंग्रजी मसुद्यात प्रदेशांआधी 'द' नाही. मग माघार सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून? फ्रेंच मसुद्यातलं आर्टिकल 'त्या प्रदेशांतून' असंही वाचता येतं. या एका जागेवरून अनेक दशकं वाद झाले.

तुमच्या करारात इतकं काही पणाला लागलेलं नसेल, पण रीत तीच. सुरुवातीला पक्षांची व्याख्या 'द सप्लायर', 'द बायर' अशी केली असेल तर शेवटपर्यंत तसंच लिहा. मध्येच 'अ सप्लायर' आलं तर तो दुसराच कुणी ठरतो. 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर शॅल साइन' म्हणजे दोन्ही पदं सांभाळणारी एक व्यक्ती, एक सही. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' म्हणजे दोघं, दोन सह्या.

मेलचा विषय, तक्त्याचे मथळे, बायोडाटातले मुद्दे इथे मात्र आर्टिकल गाळलेलीच बरी दिसतात. 'रिव्हाइज्ड क्वोटेशन अटॅच्ड' हा विषय म्हणून उत्तम आहे. मेलच्या आत पूर्ण वाक्य लिहा.

एक मेल दुरुस्त करून बघू

कच्चा मसुदा असा: 'वी हॅव रिसीव्ह्ड युवर ऑर्डर. देअर इज डिले इन शिपमेंट ड्यू टू द बॅड वेदर. वी विल सेंड ॲन इन्फर्मेशन अबाउट न्यू डेट. प्लीज साइन द अटॅच्ड फॉर्म अँड सेंड कॉपी टू अकाउंट्स डिपार्टमेंट.'

'युवर ऑर्डर' ठीक, जागा 'युवर'नं घेतली आहे. 'डिले' मोजता येतो, एक आहे, आणि वाचणाऱ्याला ही नवी बातमी आहे: 'अ डिले'. शिपमेंट त्याच्याच ऑर्डरची, म्हणजे ओळखीची: 'द शिपमेंट'. हवामानाचा उल्लेख आधी झाला नव्हता आणि ते मोजताही येत नाही, म्हणून 'बॅड वेदर' उघडं. 'इन्फर्मेशन'चा 'ॲन' काढा. शिपमेंटची नवी तारीख एकच असणार: 'द न्यू डेट'. 'द अटॅच्ड फॉर्म' बरोबर आहे, कारण तो मेललाच जोडलेला आहे. 'कॉपी' उघडी राहिली, तिला 'अ' द्या.

उरलं 'अकाउंट्स डिपार्टमेंट'. मोजता येणारं एकवचनी नाम, म्हणजे उघडं चालणार नाही. 'द' लावू का? इथे पुन्हा वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसा. त्याच्या कंपनीतही अकाउंट्स डिपार्टमेंट आहे, तुमच्याही. 'द' लिहिलंत तर तो फॉर्मची प्रत स्वतःच्याच अकाउंट्सकडे देऊन मोकळा होईल आणि तुम्ही वाट बघत राहाल. इथे 'अवर' लिहा.